काळ्या बेकेलाइट फोनवरून नंबर चुकीचा लागतो: ३३२ मॉडेलच्या डायलचा वारंवार उलटणारा बिघाड

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. फोन दिसायला ठणठणीत, रिसीव्हर उचलला की टोन येतो, बोलणंही दोन्हीकडे ऐकू जातं. पण डायल फिरवून नंबर लावला की राँग नंबर, नाहीतर अर्ध्यातच शांतता. मग कोणीतरी डायलच्या फटीतून तेल सोडतं. काही दिवस नंबर बरोबर लागतात आणि मग पहिले पाढे पंचावन्न. पावसाळ्यात तर हमखास.

या बिघाडाचं मूळ तीन ठिकाणी असू शकतं: लाइनमध्ये, ओलाव्यामुळे होणाऱ्या विजेच्या गळतीत, किंवा डायलच्या वेगात. तेल या तिन्हींपैकी कशाचंच औषध नाही. उलट डायलचा वेग ज्या कोरड्या घर्षणावर अवलंबून असतो तेच तेलाने बिघडतं. बिघाड पुन्हा पुन्हा उलटतो तो यामुळेच. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. आधी लाइन, मग गळती, मग मोजमाप, आणि डायलची दुरुस्ती सगळ्यात शेवटी.

हा फोन नेमका कोणता

इथे ब्रिटिश पोस्ट ऑफिसचा टेलिफोन क्रमांक ३३२ धरून लिहिलं आहे. चौकोनी, खाली पसरत जाणारा काळा देह, वर रिसीव्हर ठेवायचा पाळणा, समोर डायल, आणि बऱ्याच नगांत तळाशी नंबरांची यादी ठेवायचा छोटा खण. हा फोन १९३७ साली वापरात आला. त्याच्या रूपाचं मूळ मात्र नॉर्वेत आहे. ओस्लोच्या इलेक्ट्रिस्क ब्युरोने एरिक्सनसाठी जो बेकेलाइटचा टेबल फोन तयार केला, त्याचं बाह्यरूप जाँ हाइबर्ग या नॉर्वेजियन चित्रकाराने घडवलं आणि आतलं तंत्र योहान क्रिस्तियान ब्येर्कनेस या अभियंत्याने सांभाळलं. एरिक्सनच्या नोंदीत तो डीबीएच १००१ म्हणून ओळखला जातो. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीचं हे काम.

त्याआधी ब्रिटनमध्ये १९२९ पासून क्रमांक १६२ चालत होता. त्याला पिरॅमिडसारखा देह होता, पण पोटात घंटी नव्हती. घंटीची पेटी वेगळी असायची, भिंतीवर किंवा फोनच्या खाली बसवलेली. १९३४ च्या २३२ मध्ये, बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज कानात मोठ्याने ऐकू येऊ नये म्हणून सुधारलेलं कॉइल आलं, तरी घंटी बाहेरच राहिली. ३३२ ने घंटी, कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) आणि कॉइल एकाच कवचात आणले. बिघाड शोधताना हे लक्षात ठेवावं लागतं, कारण पोटात दाटी झाल्यामुळे एका भागाचा दोष दुसऱ्याच भागाच्या नावावर खपतो. कंडेन्सरची गळती डायलचा दोष वाटते, घंटीच्या स्प्रिंगचा दोष लाइनचा वाटतो.

आपल्याकडे या घराण्याचे फोन टपाल-तार खात्यामार्फत आले. १९४८ साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज सुरू झाली ती लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीशी तांत्रिक करार करून. त्यामुळे जुन्या काळ्या आयटीआय फोनवरही हे वळण दिसतं. आतली मांडणी आणि टर्मिनलांचे क्रमांक सगळीकडे सारखे नसतात, पण डायलचं तत्त्व एकच. चोर बाजारात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या नव्या नकलांना मात्र हा लेख लागू पडत नाही. त्यांच्या डायलमागे अनेकदा नुसतं सर्किट बोर्ड असतं. अस्सल ब्रिटिश नगात हँडसेटच्या मुठीच्या आतल्या बाजूला १६४ हा क्रमांक साच्यातच उठलेला असतो. शंका असेल तर कवचाचा न दिसणारा आतला कोपरा अंगठ्याने जोरात घासून गरम करा आणि वास घ्या. बेकेलाइटला फॉर्मल्डिहाइडचा उग्र, औषधी वास येतो, साध्या प्लॅस्टिकला येत नाही.

कवच उघडण्याआधी लाइन तपासा

डायल फिरली की ती लाइन ठरावीक लयीत तोडते आणि जोडते. ३ फिरवला तर तीनदा तुटते, ० फिरवला तर दहा वेळा. अशी एक तुटण्या-जुळण्याची खेप म्हणजे एक पल्स. पलीकडे एक्स्चेंज हे तुटणं मोजतं. तुमची लाइन आता फायबरच्या डब्यातून येत असेल, तर मोजणारा तो डबा आहे, आणि असे कित्येक डबे पल्स मोजतच नाहीत. त्यांना बटणांचे सूरच कळतात. अशा लाइनवर डायल कितीही शुद्ध केली तरी नंबर लागणार नाही.

याची चाचणी सोपी आहे. ज्या बटणांच्या फोनवर टी-पी (टोन-पल्स) असा स्विच असतो तो कुठून तरी मागून आणा. स्विच पी वर ठेवा, त्याच लाइनला लावा आणि नंबर फिरवा. बटण दाबल्यावर कट-कट-कट आवाज येईल. या फोनवरूनही नंबर लागला नाही तर दोष लाइनचा आहे आणि तुमच्या काळ्या फोनला हात लावायचं कारण नाही. डबा आणि फोन यांच्यामध्ये पल्सचं सुरात रूपांतर करणारा छोटा कन्व्हर्टर बसवा. कन्व्हर्टर घेताना दोन गोष्टी विचारून घ्या: तो सेकंदाला १० पल्सच्या डायलला चालतो का, आणि घंटीचा प्रवाह आरपार जाऊ देतो का. दुसरी गोष्ट विचारायची राहून गेली तर नंबर लागेल पण फोन वाजणार नाही.

पी वर नंबर बरोबर लागला, तर लाइन पल्स मोजते हे नक्की. मग रोझेट, म्हणजे लाइन घरात येते ती भिंतीवरची डबी, उघडून बघा. तांब्यावर हिरवट गंज, सैल स्क्रू, खिडकीतून आत येणाऱ्या ड्रॉप वायरवर पाण्याचा ओघळ यांपैकी काही दिसलं तर आधी ते निस्तरा. रिसीव्हर कानाला लावून डायल न फिरवता नुसतं ऐका. खरखर असेल तर ती फोनची की लाइनची हे टी-पी वाला फोन लावून लगेच ठरवता येतं.

एक चमत्कारिक शक्यताही तपासा. परदेशातून आणलेल्या फोनची डायल वेगळ्या क्रमाची असू शकते. न्यूझीलंडमध्ये आकड्यांचा क्रम उलटा होता: तिथे १ फिरवल्यावर नऊ पल्स जातात, २ ला आठ, आणि असंच पुढे. अशा डायलवर फक्त ५ आणि ० बरोबर जातात. ओस्लोतही असाच उलटा क्रम होता. स्वीडनमध्ये ० ला एकच पल्स, १ ला दोन. तेव्हा बोट जिथे अडतं त्या खिळीच्या सगळ्यात जवळचं भोक कोणत्या आकड्याचं आहे ते बघा. आपल्याकडे तिथे १ हवा. ९ किंवा ० असेल तर डायल निर्दोष आहे, देश वेगळा आहे.

चूक कशी होते ते लिहून ठेवा

चुकीचा नंबर लागला एवढं सांगून काही कळत नाही. चूक कोणत्या प्रकारची आहे ते महत्त्वाचं. छोटे आकडे बरोबर जातात आणि ८, ९, ० वर घोळ होतो, तर वेग बिघडलेला आहे: पल्स जितके जास्त तितकी मोजणी घसरायची संधी जास्त. कोणताही आकडा कधी एकाने वाढून जातो, कधी बरोबर जातो, तर कॉन्टॅक्ट मळलेले आहेत किंवा थरथरतात. नंबरच्या आधी फुकटचा १ लागतो, म्हणजे रिसीव्हर उचलताना पाळण्याचा स्विच एकदा चुकून तुटतो आहे. डायल कितीही फिरवली तरी टोन तुटतच नाही, तर पल्सचे कॉन्टॅक्ट उघडत नाहीत किंवा त्यांच्या दोन बाजूंमध्ये ओलाव्यातून गळती आहे. आणि फक्त दमट दिवशीच बिघडत असेल तर गळतीच आधी धरा. डायलकडे वळूच नका.

मोबाइलवर नंबर लावायचा तर लँडलाइनवरून आधी ० फिरवावा लागतो (हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे). म्हणजे सुरुवातच दहा पल्सने. जी डायल स्थानिक नंबरावर निभावून नेत होती ती मोबाइल नंबरावर उघडी पडते, त्याचं हे कारण.

गळती

लाइन काढा. उघड्या लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि घंटी वाजते तेव्हा सुमारे ७५ व्होल्ट एसी येतो. बोट कॉन्टॅक्टवर असताना फोन आला तर चांगलाच झटका बसतो.

कवच काढायला तळाचे स्क्रू सैल करा, फोन सरळ ठेवा आणि कवच हळू वर उचला. डायल कवचाला अडकलेली असते आणि तिच्या तारा खालच्या टर्मिनलांकडे जातात; कवच झटक्याने ओढलं तर तारेचं टोक तुटतं. काहीही सोडवण्याआधी सगळ्या टर्मिनलांचे स्पष्ट फोटो काढा. विशेषतः दोन टर्मिनल जोडणाऱ्या धातूच्या छोट्या पट्ट्या कुठून कुठे आहेत ते फोटोत दिसलं पाहिजे. घंटी आणि कंडेन्सर लाइनला कसे जोडायचे हे त्या पट्ट्या ठरवतात.

आता सुती वेणीची वायर. तिच्या आत साधी तार नसते. सुताच्या धाग्यावर तांब्याची पातळ फीत गुंडाळलेली असते. म्हणून ती लवचीक असते, म्हणून ती आतल्या आत तुटते, आणि म्हणूनच तिच्यावर सरळ झाळकाम जमत नाही. वरची वेणी दमट हवेत ओलावा धरते. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळच्या घरात त्यात मिठाचीही भर पडते. वायरची दोन्ही टोकं सोडवून मल्टिमीटर २० मेगाओमवर ठेवा आणि एका तारेपासून दुसरीपर्यंत मोजा. वाचन यायलाच नको. १ मेगाओमच्या खाली काही दिसलं तर वायर बदला. वाळवून तात्पुरतं जमतं, पुढच्या जुलैत पुन्हा तेच. त्याच वेळी प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि मोजता मोजता वायर वाकवून बघा. आकडा नाचला तर फीत तुटली आहे.

नंतर रिसीव्हर पाळण्यावर ठेवलेल्या स्थितीत फोनच्या दोन लाइन टर्मिनलांमध्ये मोजा. सुरुवातीला आकडा लहान येईल आणि कंडेन्सर भरत जाईल तसा वाढत जाईल. तो काही मेगाओमच्या पुढे गेला पाहिजे. काही शे किलोओमवरच थबकला तर २ मायक्रोफॅरडचा जुना कागदी कंडेन्सर गळतो आहे. धातूच्या डब्यातले हे कंडेन्सर आता सत्तर-ऐंशी वर्षांचे झाले आहेत. गळणं हा त्यांचा अपवाद नाही, नियम आहे. २.२ मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर घाला. जुना डबा काढून टाकू नका. त्याच्या तारा सोडवून नवा कंडेन्सर शेजारी बसवा म्हणजे आतलं मूळ रूप राहतं. हाच कंडेन्सर घंटीला एसी पोचवतो आणि पल्सच्या कॉन्टॅक्टवरची ठिणगीही दाबतो. म्हणून तो गेला की नंबर चुकतात, घंटी मरगळते आणि कॉन्टॅक्ट काळे पडतात, आणि माणूस तीन वेगवेगळे दोष शोधत बसतो.

डायलचा वेग मोजा

आता खरी डायल. कानाने अंदाज घेऊ नका. पुरेसं साधन घरात असतं: दीड व्होल्टचा एक सेल, १०० ओमचा रेझिस्टर आणि ८ ओमचा छोटा स्पीकर.

डायलच्या तारा टर्मिनलांवरून सोडवा. पल्सची जोडी कोणती ते मल्टिमीटरने ओळखा. डायल शांत असताना ही जोडी जुळलेली असते आणि डायल परत येताना तुटत-जुळत राहते. दुसरे कॉन्टॅक्ट उलट वागतात: शांत असताना उघडे आणि डायल जागची हलली की बंद. ते बोलण्याचं सर्किट बाजूला करतात, म्हणजे पल्सचे धक्के कानात बसत नाहीत. नंबर फिरवताना कानात कर्कश टकटक येत असेल तर हे दुसरे कॉन्टॅक्ट मळलेले आहेत.

सेल, रेझिस्टर, स्पीकर आणि पल्सची जोडी एका माळेत जोडा. मोबाइलचा रेकॉर्डर स्पीकरला चिकटवून ठेवा. ० फिरवा आणि सोडून द्या. बोटाने परत ढकलू नका. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडलं की वीस ठळक टोकं दिसतील. पहिलं टोक तुटण्याचं, दुसरं जुळण्याचं, तिसरं पुन्हा तुटण्याचं, असं एकाआड एक.

पहिल्या टोकापासून एकोणिसाव्या टोकापर्यंतचा वेळ मोजा. त्यात बरोबर नऊ पल्सचा कालावधी बसतो. सेकंदाला १० पल्स हा मूळ वेग. म्हणजे ९०० मिलिसेकंद यायला हवेत. १००० आले तर वेग ९ आहे, ८१८ आले तर ११. या दोन आकड्यांच्या आत असाल तर वेगाला हात लावू नका. ७०० च्या जवळ आला तर डायल धावते आहे, आणि असं झालं की जवळजवळ नेहमी गव्हर्नरमध्ये, म्हणजे डायलचा वेग आवरणाऱ्या भागात, तेल सापडतं.

मग एका पल्सच्या आत बघा. पहिल्या ते दुसऱ्या टोकात सुमारे ६७ मिलिसेकंद आणि दुसऱ्या ते तिसऱ्यात सुमारे ३३. ब्रिटिश डायलमध्ये तुटण्याचा काळ जुळण्याच्या दुप्पट ठेवला होता. हे प्रमाण बिघडलं असेल तर वेग बरोबर असूनही मोजणी चुकते. जुळण्याच्या टोकाजवळ एकाऐवजी बारीक काट्यांचा झुबका दिसला तर कॉन्टॅक्ट उसळतो किंवा मळलेला आहे. शेवटच्या तीन-चार पल्समधलं अंतर पहिल्यांपेक्षा ठळकपणे वाढलेलं असेल तर मुख्य स्प्रिंगचा जोर ओसरला आहे किंवा दात्यांमध्ये जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालं आहे. दुसरं कारण कितीतरी जास्त वेळा सापडतं.

हे रेकॉर्डिंग जपून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा करायचं आहे.

गव्हर्नर: इथेच सगळे चुकतात

डायल फिरवताना तुमचं बोट मुख्य स्प्रिंग ताणतं. सोडल्यावर ती स्प्रिंग डायल परत आणते आणि मळसूत्री दात्यामार्फत एका बारीक दांड्याला जोरात फिरवते. त्या दांड्यावर दोन पंख आहेत, टोकाला छोटी वजनं. वेग वाढला की पंख बाहेर फाकतात आणि भोवतालच्या धातूच्या कपाला आतून घासतात. घासलं की वेग कमी, वेग कमी झाला की पंख आत. एवढ्या साध्या युक्तीने दहा पल्स एकसारखे निघतात, मग स्प्रिंग थोडी जास्त ताणलेली असो वा कमी. ही फार देखणी रचना आहे आणि ती पूर्णपणे कोरड्या कपावर अवलंबून आहे.

कपात तेलाचा थेंब गेला की घर्षण संपतं आणि डायल सुसाट धावते. पण त्याआधी ती घट्ट तेलामुळे मंद चालत होती, म्हणून पहिले काही दिवस मंद आणि सुसाट यांची बेरीज बरोबर १० च्या आसपास येते. नंबर लागतात. ‘तेल सोडल्यावर बरं झालं’ हे या अर्थाने खरं असतं. नंतर तेल सगळीकडे पसरतं, धूळ धरतं, आणि डायल कधी वेगात तर कधी अडखळत चालते. गंज सोडवायचे स्प्रे तर याहून वाईट. त्यांचा फवारा कॉन्टॅक्टवरही बसतो.

साफ करताना डायल कवचातून काढा, पण मुख्य स्प्रिंग सोडू नका. ती एकदा सुटली की मूळचा ताण किती वेढ्यांचा होता हे कळायला मार्ग राहत नाही. बोटं घालायची चकतीही काढायची गरज नाही. काम मागच्या बाजूने करायचं. कानकोरण्याच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कपाची आतली भिंत पुसा. कापूस काळा किंवा पिवळट निघेल. तो पांढरा निघेपर्यंत नवा कापूस घेत राहा. पंखांची घासणारी टोकं, मळसूत्राचे दाते आणि मोठ्या चाकाचे दातेही असेच. डायल हाताने सावकाश फिरवून दात्यांचा प्रत्येक भाग समोर आणा. नंतर अर्धा तास वाळू द्या आणि तेल न घालताच एकदा मोजा. बऱ्याचशा डायल इथेच ९ ते ११ च्या आत येतात.

आता तेल, पण घड्याळाचं आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच. गव्हर्नरच्या दांड्याच्या दोन्ही टोकांच्या भोकांत एकेक टिपका, मळसूत्राच्या दात्यावर एक. बस्स. सुई कपाच्या कडेवरून नेऊ नका. दहा मिनिटांनी जे तेल चमकताना दिसेल ते कोरड्या कापसाने टिपून घ्या. शिलाई मशीनचं तेल पातळ असलं तरी पसरतं, ते टाळा.

एवढं करूनही वेग बसत नसेल तरच पंख वाकवा. वेग जास्त असेल तर दोन्ही पंख किंचित बाहेर, म्हणजे ते कपाला लवकर टेकतील. वेग कमी असेल तर किंचित आत. दोन्ही सारखेच वाकवायचे, नाहीतर गव्हर्नर एका बाजूला झोल खातो आणि पल्स असमान निघतात. डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकंच वाकवा आणि प्रत्येक वेळी मोजा. साफ न करता थेट पंख वाकवणं ही सगळ्यात महागडी चूक: डायल मळलेल्या अवस्थेत जुळवली जाते, पुढे कोणी साफ केली की वेग भलतीकडेच जातो, आणि वारंवार वाकवलेले पंख एक दिवस मुळाशी तुटतात.

कॉन्टॅक्ट

सॅंडपेपर, ब्लेड, कानस काहीही नको. जाड, गुळगुळीत कागदाची पट्टी घ्या, जुनं व्हिजिटिंग कार्ड उत्तम. ती अल्कोहोलने ओली करा, कॉन्टॅक्टच्या मध्ये घाला, पाती हलकेच मिटू द्या आणि पट्टी ओढून काढा. पट्टीवर राखाडी रेघ येईल. रेघ उमटायची थांबली की कोरडी पट्टी एकदा ओढा, कागदाचा धागा मागे राहू नये म्हणून. पाळण्याच्या स्विचच्या पात्यांनाही हेच. पाळण्यातल्या दट्ट्यांवर हाताचा चिकटा बसतो आणि ते अर्धेच वर येतात. ते पुसून काढा, तेल लावू नका. नंबरच्या आधीचा फुकटचा १ बहुधा इथेच संपतो.

तुटण्या-जुळण्याचं प्रमाण अजूनही ६७ आणि ३३ च्या जवळ नसेल तर पल्सच्या पात्याचा वाक बदललेला आहे. पातं मुळाशी धरून, टोकाशी नव्हे, केसभर वाकवायचं. जास्त उघडलं तर तुटण्याचा काळ वाढतो.

घंटी आणि माइक, थोडक्यात

नंबर फिरवताना घंटी बारीक किणकिणत असेल तर डायलला दोष देऊ नका. पल्सचे धक्के कंडेन्सरमधून घंटीच्या कॉइलपर्यंत पोचतात. लाइनच्या दोन तारा आपसात बदलून बघा. दांडी एका बाजूला ओढून धरणारी स्प्रिंग असलेल्या घंटीत एवढ्यानेही किणकिण थांबू शकते. नाही थांबली तर त्या स्प्रिंगचा ताण किंचित वाढवा. घंटीच्या वाट्या मधोमध नसलेल्या भोकावर बसवलेल्या असतात, म्हणून स्क्रू सैल करून वाटी फिरवली की टोल्याचं अंतर बदलतं. ३३२ च्या घंटीच्या दोन कॉइलचा मिळून रोध सुमारे १००० ओम. तो अनंत आला तर कॉइल तुटलं. फायबरच्या डब्यावर घंटी मंद वाजत असेल तर तो डबा एवढी जुनी घंटी पेलत नाही, फोन निर्दोष असू शकतो. त्या लाइनवरचे बाकीचे फोन काढून पुन्हा ऐका.

पलीकडच्याला आवाज क्षीण जात असेल तर माइकमधले कोळशाचे कण ओलाव्याने गोळा झालेले असतात. माइकची डबी काढून तळहातावर हलकेच आपटा. सुधारणा झाली आणि टिकली नाही तर डबी बदला.

पॉलिशने परत येणारा बिघाड

हे शेवटी लिहिलं असलं तरी अनेक फोन इथेच पुन्हा आजारी पडतात. बेकेलाइट म्हणजे फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडची राळ. लिओ बेकलँड यांनी ती १९०७ मध्ये साधली आणि १९०९ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. फोनच्या कवचात तिच्यात लाकडाचा बारीक भुसा मिसळून गरम साच्यात दाबतात. एकदा घट्ट झाली की ती पुन्हा वितळत नाही. म्हणून तडा गेला तर वितळवून सांधता येत नाही, चिकटवावाच लागतो. वरची राळेची चकचकीत साय उन्हाने आणि वर्षांनी झिजली की भुसा उघडा पडतो, रंग तपकिरी होतो आणि पृष्ठभाग पाणी शोषतो. त्यामुळे कवच पाण्यात बुडवू नका. कोमट साबणपाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा.

चमक आणण्यासाठी सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, आणि डायल कवचात असताना तर मुळीच नाही. सिलिकॉन कॉन्टॅक्टवर पोचलं की ठिणगीबरोबर त्याचा विद्युतरोधक थर तयार होतो, आणि ताज्या दुरुस्तीनंतर काही आठवड्यांतच आकडे पुन्हा चुकू लागतात. डायल काढून, बारीक पॉलिश पेस्ट सुती फडक्यावर घेऊन गोल गोल घासा. फडक्यावर तपकिरी रंग येतो ती झिजलेली साय आहे, घाबरायचं कारण नाही. शेवटी मेणाचा पातळ हात. कोरडा सॅंडपेपर वापरू नका: जुन्या फिनॉलिक मालात कधी कधी ॲस्बेस्टॉसही मिसळत, त्याची धूळ नाकात जायला नको.

सगळं जोडून झालं की सेल आणि स्पीकरची चाचणी पुन्हा करा आणि पहिल्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवा. आठ-दहा दिवस फोन वापरून तिसऱ्यांदा मोजा. ९०० चा आकडा या काळात २० मिलिसेकंदांहून जास्त सरकला असेल तर कपात अजून तेल झिरपतं आहे. बहुधा ते मळसूत्राच्या टोकाच्या भोकातून येतं. तिथलं तेल कापसाने पूर्ण टिपा, कप पुन्हा अल्कोहोलने पुसा, आणि त्या भोकात या वेळी काहीही घालू नका.